फरशी ठोकायला क्लास लागतो का?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायची गोष्ट, चालू होती आणि खेळाडूंची पात्रं, म्हणजे पार्टी, एका थडग्याखालच्या अरुंद बोळात शिरली होती. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निवाडा करणारा, मी. पुढे लढवय्या फायटर, त्याच्यामागे रोग, मग जादूगार विझार्ड आणि शेवटी धर्मगुरू क्लेरिक. पात्रांच्या या प्रकारांनाच क्लास म्हणतात. (‘रोग’ हा शब्द मराठीत लिहिताना दर वेळी आपण आजाराबद्दल लिहितोय असं वाटतं, पण चोराला आता सगळे रोगच म्हणतात, त्याला इलाज नाही.) दोन्ही बाजूंना दगडी भिंती, खाली चौकोनी फरशा, त्यातल्या काहींच्या कडा झिजलेल्या, एवढं मी सांगितलं. फायटर खेळणारा मित्र लगेच सरसावून बसला. म्हणाला, “मी भाल्याचं मागचं टोक पुढच्या फरशीवर ठोकत ठोकत चालतो. पोकळ आवाज आला की थांबतो.”

आणि मी, काय बुद्धी झाली कोण जाणे, म्हणालो, “अरे, सापळे शोधणं रोगचं काम आहे ना? त्याला रोल करू दे.”

रोगने वीस बाजूंचा फासा टाकला. चार पडले. फरशी खाली गेली आणि तिच्याबरोबर फायटरही. टेबलावर हशा झाला, हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, खोडले गेले, खेळ पुढे सरकला. पण त्यानंतरचे तीन तास तो मित्र एकच वाक्य बोलत राहिला: “मी हल्ला करतो.” भाला, फरशी, आवाज, सगळं त्याने गुंडाळून ठेवलं. नियमांच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं की फायटरने फरशी ठोकू नये. ते मी बोललो होतो, कारण कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राच्या कागदावरच्या, रकान्यांनी मला तसा विचार करायची सवय लावली होती.

हे आठवायचं कारण म्हणजे फँटसी रोल-प्लेइंग खेळणाऱ्यांत कायम चालणारा एक वाद. क्लास किती असावेत? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या मुख्य पुस्तकात बारा होते. २०१९ मध्ये आर्टिफिसर आला, तेरा झाले. २०२४ च्या नव्या पुस्तकात पुन्हा तेच बारा, पण प्रत्येकाचे चार सबक्लास (पोटप्रकार), म्हणजे अठ्ठेचाळीस पर्याय. तरी तक्रार असतेच की वैविध्य नाही, अमुक प्रकारचा योद्धा करता येत नाही, तमुक प्रकारची चेटकीण बसत नाही. दुसऱ्या बाजूला जुन्या वळणाचे लोक म्हणतात, तीन पुरेत, चार म्हणजे चंगळ.

मला दोन्ही बाजू एकच चूक करताना दिसतात. दोघेही मोजणी करतात. क्लासचं वैविध्य नावांच्या यादीत सापडत नाही आणि त्याला मिळणाऱ्या करामतींच्या यादीतही नाही. ते सापडतं खेळताना त्या खेळाडूपुढे कुठला प्रश्न उभा राहतो त्यात. प्रश्न वेगळा असेल तर क्लास वेगळा. प्रश्न तोच आणि फक्त ठिणग्यांचा रंग बदलला असेल, तर नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

सुरुवातीकडे पाहू या. १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाचे छोट्या बाहुल्या-सैनिकांच्या लढायांचे नियम निघाले होते. त्यातून आणि डेव्ह आर्नेसनच्या ब्लॅकमूर नावाच्या चालू खेळातून, गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये पहिलं डंजन्स अँड ड्रॅगन्स काढलं. त्यात तीन क्लास: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. वाचताना गरीब वाटतं. पण खेळायला बसलं की तिघांच्या डोक्यात तीन वेगवेगळी गणितं चालतात. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या, मॅजिक-यूझरकडे दिवसाला एकच मंत्र. त्यामुळे त्याचा सगळा खेळ एकाच प्रश्नाभोवती फिरतो: आत्ता, की अजून थांबू? फायटिंग-मॅनला असली मोजदाद नाही, त्याला जागेची चिंता: दारात उभं राहू की खोलीत शिरू, आणि माघार घ्यायची तर शेवटी कोण निघणार? क्लेरिक मजेशीर आहे. आर्नेसनच्या टेबलावर एक खेळाडू व्हँपायर होऊन बसला होता आणि तो कुणालाच आवरेना, म्हणून त्याला तोंड द्यायला क्लेरिक निघाला, असं सांगतात. म्हणजे तो क्लास ‘धर्मगुरू हवाच’ अशा यादीतून आला नाही, एका टेबलाच्या अडचणीतून आला. पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे मंत्र नसतातच. असतं ते फक्त भुताखेतांना परतवण्याचं धाडस आणि ते फसलं तर काय, ही धाकधूक.

मग १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी आली आणि तिच्यातून थीफ, म्हणजे आजच्या रोगचा पूर्वज, आला. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा क्लास हाच, आणि सगळ्यात घातकही.

थीफला कुलपं उघडणं, सापळे काढणं, सावलीत लपणं, आवाज न करता चालणं यासाठी टक्केवारी मिळाली. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या थीफला सापळा शोधायची वा काढायची संधी २० टक्के, कुलूप उघडायची २५, सावलीत लपायची १०. भिंत चढायची मात्र ८५. आता याच्या आधी लोक काय करत होते? सापळे तेव्हाही होते, कुलपंही होती. खेळाडू काठीने ठोकत, पाणी ओतून ते कुठल्या फटीत मुरतं ते बघत, दाराच्या बिजागऱ्या विचारत. डीएम उत्तर देई. ज्याला सुचलं त्याला जमलं. थीफ आल्यावर तीच गोष्ट एका रकान्यात बसली, आणि रकाना एकाच्याच कागदावर असल्यामुळे बाकीच्यांच्या कागदावर तिथे न लिहिलेलं शून्य आलं. बरं, ज्याला रकाना मिळाला तो तरी सुखी का? शंभरातून ऐंशी वेळा तोही खड्ड्यातच. सगळ्यांचं काढून एकाला दिलं, आणि त्यालाही धड दिलं नाही.

या नियमांचं एक चांगलं वाचनही आहे आणि ते मला मान्य आहे. खांबामागे कुणीही लपू शकतं. थीफ नुसत्या सावलीत लपतो, ते बाकीच्यांना जमणार नाही. दोर टाकून भिंत कुणीही चढेल, थीफ दोराशिवाय चढेल. असं धरलं तर टक्केवारी म्हणजे सगळ्यांच्या प्रयत्नांवरची एक जादा संधी. असे चालवणारे डीएम आहेत आणि त्यांचे खेळ छान चालतात. पण नियम लिहिताना हे ठसठशीत लिहिलं गेलं नाही, आणि आकडा दिसला की माणूस आकड्यालाच शरण जातो. मी त्या बोळात नेमकं तेच केलं.

शिवाय थीफकडे स्वतःचा एक खरा प्रश्न आहे, जो टक्केवारीच्या गर्दीत झाकला जातो. ‘मी एकटाच पुढे जाऊन बघून येऊ का?’ अंगावर फार तर चामड्याचं चिलखत, हिट पॉइंट मोजके, हाक मारली तर सगळेच जागे होणार. हा प्रश्न पार्टीतल्या दुसऱ्या कुणाला पडतच नाही. क्लास व्हायला एवढं पुरेसं होतं.

१९७५-७६ या दोन वर्षांत पूरच आला. पॅलाडिन, मंक, असॅसिन, ड्रुइड पुरवण्यांतून आले, रेंजर, इल्युजनिस्ट आणि बार्ड नियतकालिकातून. १९७८ च्या पुस्तकात बार्ड शेवटी परिशिष्टात गेला, आणि तो होण्यासाठी आधी फायटर, मग थीफ आणि मग ड्रुइडांकडे शिक्षण अशी वाट होती. एक ना धड, भाराभर चिंध्या. तिथवर पोचलेला बार्ड प्रत्यक्ष टेबलावर मी तरी पाहिलेला नाही.

या गर्दीत पॅलाडिनपाशी, म्हणजे व्रतस्थ योद्ध्यापाशी, मात्र थांबायला हवं. ग्रेहॉकमध्ये पॅलाडिन व्हायला करिश्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा आकडा, किमान १७ लागायचा. तीन फाशांवर १७ किंवा १८ पडायची शक्यता २१६ मध्ये ४, म्हणजे चोपन्न वेळा फासे टाकले तर एकदा. पण दुर्मीळपणामुळे तो मोठा नव्हता. त्याचा मोठेपणा त्याच्या बंधनांत होता. १९७८ च्या नियमांत त्याला दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू बाळगता येत नसत. संपत्ती साठवता येत नसे, दुष्टांशी सोबत करता येत नसे आणि जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं जाई. त्यामुळे कैद्याचं काय करायचं या साध्या प्रसंगात बाकीचे ‘काय फायद्याचं’ बघत आणि पॅलाडिन ‘काय चालेल’ बघे. त्याच्या एका क्लासमुळे अख्ख्या टेबलावरच्या गप्पा बदलत. त्या गप्पांचा कधीकधी वैतागही येई, पार्टीत पॅलाडिन म्हणजे घरात हेडमास्तर. पण वेगळेपणा असावा तो असा. क्लास त्याच्या ताकदीने घडतो त्याहून जास्त त्याला न करता येणाऱ्या गोष्टींनी घडतो. पुढच्या आवृत्त्यांनी हीच बंधनं एकेक करून सैल केली, कारण बंधन कुणालाच आवडत नाही, आणि मग ‘सगळे क्लास सारखेच वाटतात’ म्हणून लोक नवे क्लास मागू लागले.

बंधनाचाही अतिरेक होतो, हे कबूल. १९८५ मध्ये बार्बेरियन पुस्तकात आला तेव्हा त्याला जादूचा तिटकारा होता, इतका की जादूच्या वस्तू फोडल्याबद्दल त्याला अनुभवाचे गुण मिळत. आता ज्या पार्टीने जीव धोक्यात घालून जादूची तलवार मिळवली, तिच्यात हा गृहस्थ हातोडा घेऊन बसलेला. इथे प्रश्न त्याला पडतच नाही, डोकेदुखी फक्त बाकीच्यांना. स्वतःच्या खेळाडूला विचारात पाडणारं बंधन वेगळं आणि शेजाऱ्याचा खेळ मोडणारं वेगळं.

किमतीची एक जुनी युक्तीही आठवते. १९८१ च्या बेसिक संचात सात क्लास होते आणि त्यात एल्फ ही जमातच एक क्लास होती. तो लढायचाही आणि मंत्रही टाकायचा. मग सगळे एल्फच का घेत नसत? कारण दुसऱ्या लेव्हलला पोचायला थीफला १२०० गुण लागत, फायटरला २०००, आणि एल्फला ४०००. दोन ताटांत जेवायचं तर दुप्पट थांबा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांना एकच तक्ता आला. हिशेब सोपा झाला, आणि वैविध्याचं एक हत्यार म्यान झालं.

तिसरी आवृत्ती म्हणजे या वादातलं सुवर्णयुग की कलियुग, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर. मुख्य पुस्तकात अकरा क्लास, वर प्रेस्टीज क्लास, म्हणजे अटी पुऱ्या केल्यावर मिळणारे खास क्लास, आणि हवं तेव्हा हव्या त्या क्लासची लेव्हल घ्यायची मोकळीक. पाठोपाठ पुस्तकांमागून पुस्तकं. यामागचं कारण काही गूढ नाही. प्रत्येक टेबलावर डीएम एक आणि खेळाडू चार-पाच. डीएमसाठी लिहिलेलं पुस्तक एक जण घेणार, खेळाडूंसाठी लिहिलेलं पाच जण. नवा क्लास हा खेळाडूंना विकता येणारा सगळ्यात सोपा माल. प्रकाशकाला दोष देत नाही, त्यालाही पोट आहे. पण बाजाराला लागणारं वैविध्य आणि टेबलाला लागणारं वैविध्य या दोन गोष्टी आहेत.

त्या काळात मीही वीस लेव्हलपर्यंतची माणसं कागदावर रचत असे. दोन लेव्हल फायटर, एक रोग, पाच रेंजर, मग अमुक प्रेस्टीज क्लास. माझ्याकडे अजून एक वही आहे, तिच्यातल्या बहुतेकांनी टेबल पाहिलेलं नाही. ती रचण्यात खरं सुख होतं, ते मी नाकारणार नाही. कोडं सोडवण्याचं सुख. पण ते सुख घरी एकट्याने घ्यायचं. टेबलावर येईस्तोवर सगळे निर्णय झालेले असत. खेळताना फक्त अंमलबजावणी. वीस लेव्हल आधीच ठरवून आलेल्या माणसाला सहाव्या लेव्हलला जंगलातल्या म्हाताऱ्या ड्रुइडने शिष्य व्हायला बोलावलं तर तो ‘नको, माझ्या बिल्डमध्ये बसत नाही’ म्हणतो. मी म्हटलं आहे.

आणि एवढे क्लास असून विझार्ड सगळ्यांना पुरून उरायचा. कुलूप उघडायला ‘नॉक’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र, अदृश्य व्हायला मंत्र, उडायला मंत्र. रोगने लेव्हलमागून लेव्हल कौशल्य वाढवायचं आणि विझार्डने सकाळी एक ओळ पाठ करायची. थीफच्या बाबतीत मक्तेदारीची तक्रार केली, इथे उलट आहे: कुणाचंच काही राखलेलं नाही, एक जण सगळ्यांच्या शेतात चरतो. दोन्हीकडे दुखणं तेच. बाकीच्यांना विचार करायचं कारणच उरत नाही.

मग २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हे सगळं एका फटक्यात सरळ करायचं ठरवलं. आठ क्लास, चार भूमिका: कोणी अडवणारा, कोणी मारणारा, कोणी मैदान ताब्यात ठेवणारा, कोणी साथीदारांना सांभाळणारा. सगळ्यांना एकाच साच्याच्या करामती: काही कितीही वेळा, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. लोकांनी हिला ‘सगळे क्लास सारखेच’ म्हणून झोडपलं. ते अर्धं खरं आहे. साचा एक असला की कागदावर सगळे एकाच शिंप्याचे कपडे घातल्यासारखे दिसतात. पण याच आवृत्तीने फायटरला पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न नियमात बसवून दिला. फायटर ज्याच्यावर वार करेल त्याला तो खूण लावू शके. खूण लागलेल्या शत्रूने दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर त्याला उणे दोन, आणि फायटर शेजारी असेल तर वर एक फटका. म्हणजे फायटरने प्रत्येक फेरीत ठरवायचं: आज मी कुणाला धरून ठेवणार आणि कुणाला सोडणार? विझार्डच्या अंगावर धावणाऱ्या राक्षसाला, की क्लेरिककडे सरकणाऱ्या धनुर्धराला?

आणि वॉरलॉर्ड! जादू न जाणणारा सेनानी. स्वतःच्या हल्ल्याऐवजी साथीदाराला हल्ला करायला लावणारा. आत्ता या टेबलावर कुणाची पाळी सगळ्यात मोलाची आहे, हा त्याचा प्रश्न, आणि तो सोडवायला दुसऱ्यांच्या कागदावर लक्ष ठेवावं लागे. माझ्या डोळ्यांसमोर एक खेळाडू आहे जी एरवी स्वतःच्या पाळीपर्यंत खिडकीबाहेर बघायची. वॉरलॉर्ड घेतल्यावर ती सगळ्यांच्या हिट पॉइंटांचा हिशेब तोंडपाठ ठेवू लागली. २०१४ च्या बारांत वॉरलॉर्ड नाही. अठ्ठेचाळीस सबक्लास बघून मला होत नाही एवढी हळहळ त्या एका गैरहजेरीची होते.

क्लासच नकोत, हा मार्गही जुनाच आहे. १९७८ च्या रुनक्वेस्टमध्ये क्लास नाहीत, कौशल्यं आहेत. जे वापराल आणि जमेल तेच पुढे वाढायची संधी, आणि आधीच चांगलं येत असेल तर वाढणं अवघड. सुरेख कल्पना. पण क्लासविरहित खेळांत मी असंही पाहिलं आहे की थोडी तलवार, थोडं लपणं, थोडं बोलणं असं करून सगळे सहाव्या महिन्यात एकमेकांच्या फोटोप्रती होतात. शिवाय नवख्या माणसासमोर कोरा कागद ठेवला की तो गोठतो. ‘तू फायटर आहेस’ या तीन शब्दांत त्याला खुर्चीत नीट बसायला जागा मिळते. त्यामुळे क्लास हवेतच, या मताचा मी आहे.

मधली वाट वॉरहॅमरच्या १९८६ च्या फँटसी खेळाने दाखवली. तिथे क्लासच्या पोटात पेशे होते, आणि त्यात चक्क उंदीर पकडणारा होता, सोबत एक लहानसं पण खुनशी कुत्रं घेऊन. त्याच्याकडे करामती जवळपास नाहीत. पण शहरातली गटारं त्याला माहीत, श्रीमंतांच्या घरात मागच्या दाराने त्याला प्रवेश, आणि पुढच्या दाराने त्याला कुणी उभं करणार नाही. त्या एका कुत्र्याने जेवढं वैविध्य आणलं तेवढं डझनभर तलवारबाजांनी आणलं नसतं.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट. एका मैत्रिणीला जुन्या सौद्यात अडकलेली बाई खेळायची होती. कुठल्यातरी अज्ञात शक्तीशी आजीने केलेला करार, फेडायचा नातीने. मला नवं पुस्तक उघडायचा कंटाळा होता. मी म्हटलं, “विझार्ड घे आणि गोष्ट तशी सांग. नियम काय, कुठलंही पांघरूण घालून चालतो.” दोन बैठका तिने इमानदारीत खेळल्या. मग म्हणाली, “मला करार केल्यासारखं वाटतच नाही रे. मला अभ्यास केल्यासारखं वाटतं.”

ती शंभर टक्के बरोबर होती. विझार्डचा प्रश्न सकाळचा असतो: आज काय काय तयार ठेवू? त्यावर कराराची कितीही कथा चढवली तरी खाली पुस्तकी किडाच. मग तिने वॉरलॉक, म्हणजे करारातून जादू मिळवणारा क्लास, घेतला. २०१४ च्या नियमांत वॉरलॉकला दुसऱ्यापासून दहाव्या लेव्हलपर्यंत मंत्राच्या जागा दोनच, पण तासभराच्या विश्रांतीत त्या परत येतात. म्हणजे सतत टांगती तलवार: आत्ता उधळू का, आणि उधळले तर नंतर तासभर कुणी बसू देईल का? देणारा दुसराच कुणी, आपल्या हातात फक्त पुढच्या हप्त्याची वाट बघणं. कर्जदाराचं जगणं नियमातच उतरलेलं. इथे नवा क्लास हवाच होता, आणि ‘वेगळं नाव म्हणजे नुसता रंग’ म्हणून मी तो उडवून लावत होतो. माझ्या मोजपट्टीने मीच मोजलं नव्हतं.

सॉर्सरर, म्हणजे उपजत जादू असणारा क्लास, याच्याबद्दल मात्र मी अजून कुंपणावर आहे. तिसऱ्या आवृत्तीत तो आला तेव्हा त्याची मंत्रांची यादी विझार्डचीच होती. थोडे मंत्र यायचे, पण ते जास्त वेळा टाकता यायचे. कुठले मंत्र निवडू, हा प्रश्न आहे, पण तो लेव्हल वाढताना एकदा पडतो आणि मग पुढच्या लेव्हलपर्यंत झोपतो. अर्धा क्लास म्हणा.

आणखी एक सूट द्यायला हवी. प्रत्येकाला प्रत्येक वेळी प्रश्न हवाच असतो असं नाही. दिवसभर डोकं पिकवून आलेला माणूस रात्री चॅम्पियन हा फायटरचा सोपा सबक्लास घेतो, एकोणीस-वीस पडले की ओरडतो, हसतो आणि घरी जातो. त्याला बॅटल मास्टर या फायटरच्याच दुसऱ्या सबक्लासचे चार जादा फासे कधी वापरायचे याचा विचार करायला लावणं हा छळ. टेबलावर एक आरामखुर्ची असावी. सगळ्याच आरामखुर्च्या नसाव्यात, आणि ती खुर्ची कायम फायटरच्याच वाट्याला येऊ नये. जादू करणाऱ्यांत असा निवांत क्लास का नसतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

स्वतः रचलेले क्लास घेऊन येणाऱ्यांना मी आता एकच विचारतो: खेळातला असा क्षण सांग, जिथे तुझा माणूस थबकेल आणि टेबलावरचं दुसरं कुणीच थबकणार नाही. एकाने नऊ पानी क्लास आणला होता, अंधाराच्या तलवारी, अंधाराचे पंख, अंधाराची ढाल. प्रश्न विचारल्यावर त्याने कोणत्या लेव्हलला किती डॅमेज होतो ते सांगितलं. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा डॅमेज सांगितला. दुसरीने दीड पान आणलं. तिचा क्लास प्रेताला एक प्रश्न विचारू शकतो, प्रेत खरं उत्तर देतं, पण मग प्रेतही एक प्रश्न विचारतं आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं, सगळ्यांच्या देखत. मी तो क्लास तिथल्या तिथे चालवून घेतला. तिसऱ्या बैठकीत एका मेलेल्या पहारेकऱ्याने तिला विचारलं, “मला तुमच्यापैकी कुणी मारलं?” आणि तिने रोगकडे पाहिलं.

तो फायटरवाला मित्र मध्ये बरेच महिने आला नव्हता. आला तेव्हा पुन्हा फायटरच घेतला, पुन्हा भाला घेतला. एका उद्ध्वस्त किल्ल्याच्या तळघरात पार्टी उतरली तेव्हा मी फरशांचं वर्णन मुद्दाम केलं नाही, नाहीतर लाच दिल्यासारखं झालं असतं. त्याने जरा वेळ घेतला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मी भाल्याचं टोक ठोकत चालतो. चालेल ना?”

मी म्हटलं, “दुसऱ्या फरशीपर्यंत आवाज भरीव आहे. तिसरीवर बदलला.”

रोगने कुणी न सांगता गुडघे टेकले आणि पाचर मागितली.